शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत

निरगुडसरच्या स्टँडवर संध्याकाळी पाच-सव्वापाचला दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. पंडित जवाहरलाल नेहरू विद्यालय नुकतंच सुटलेलं असतं. शर्ट पॅन्टीबाहेर आलेले, दप्तर एका खांद्यावर लोंबतंय, एकाच सायकलवर तिघं. वडापावच्या गाडीवर नवा घाणा कढईत पडला की आजूबाजूला पांगलेली पोरं आपोआप गाडीजवळ सरकतात. मोबाईल शॉपीच्या काउंटरवर एका स्क्रीनवर चार डोकी वाकलेली असतात, सलूनच्या बाकावर केस कापायला कुणीच आलेलं नसतं. गळीत हंगाम चालू असेल तर पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडं निघालेली जोड ट्रॉली गतिरोधकापाशी हळू होते आणि दोन-तीन पोरं पळत जाऊन मागून ऊस ओढतात. दुकानदार ओरडतो, "ए, चाकाखाली जाशील!" पोरं हसत परत येतात.

हे चित्र आपल्या भागातल्या प्रत्येक मोठ्या गावात आहे. रांजणीत आहे, अवसरीत आहे, मंचरमध्ये तर रोजचंच. आणि प्रत्येक गावात त्याबद्दलची तक्रारही तीच आहे. पोरं टवाळक्या करतात, गिऱ्हाईक अडतं, बायकांना जायला संकोच वाटतो, घरी जाऊन अभ्यास करायचा सोडून इथं कशाला बसतात? मग कुणीतरी दुकानदाराला सांगतं, "बाकडं उचला." बाकडं उचललं जातं आणि पोरं दिसेनाशी होतात. प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटतं.

एका गावात हे मी जवळून पाहिलं. बाकडं उचलल्यावर चार-सहा दिवस स्टँड मोकळा दिसला. मग कळलं की पोरं कालव्याच्या भरावावर, एका बंद पोल्ट्री शेडच्या मागं बसायला लागली होती. स्टँडवर त्यांच्याकडं येता-जाता चाळीस माणसं बघत होती. शेडमागं कुणीच बघत नव्हतं. तिथं मोठी पोरं येत होती, पुड्या येत होत्या, आणि अंधार पडल्यावर उसातल्या वाटेनं घरी जायचं होतं. त्या शेडमागं जाऊन आल्यापासून माझं मत पक्कं झालं: पोरांना दुकानासमोरून हाकलू नका. दुकानासमोरची जागा त्यांच्यासाठी नीट करा. ती कशी करायची, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

आधी पोरं तिथं का थांबतात, ते समजून घेऊ. पुण्यातल्या मुलाला सोसायटीच्या खाली मित्र भेटतो. आपल्याकडं डिंभे धरणाचं पाणी कालव्यानं आलं, बागायत वाढली, तशी माणसं गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. आज बऱ्याच मुलांचं घर गावापासून दोन-तीन किलोमीटरवर, चहूबाजूंनी उसात आहे. शेजारचं घर म्हणजे चुलत्याचं. वर्गातला जिवाभावाचा मित्र दुसऱ्या टोकाच्या वस्तीवर राहतो. एकदा घरी गेलं की वैरण-पाणी, धारा, डेअरीला दूध, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत समवयस्क तोंड दिसत नाही. तेरा ते सतरा वयाच्या मुलाला मित्राबरोबर तासभर वेळ हवा असतो. त्यात वावगं काही नाही, त्या वयाची ती भूकच आहे. त्यात एसटीची वाट बघायची असते, पोटात कावळे ओरडत असतात, आणि घरी आई-वडील अजून रानातून आलेले नसतात. या सगळ्याला गावात एकच जागा उरते, ती म्हणजे दुकानाची पायरी.

म्हणून पहिलं बोलणं दुकानदारांशी. तुमच्याकडं मामा, आण्णा, शेठ म्हणून ही पोरं हक्कानं येतात. घरात जे बोलत नाहीत ते तुमच्यासमोर बोलतात. हे लहान काम नाही.

बाकडं उचलू नका, त्याची जागा बदला. दुकानाच्या बाजूला, बोळात किंवा मागच्या पत्र्याखाली असेल तर ते दर्शनी बाजूला आणा, रस्त्यावरून जाणाऱ्याला बसलेल्याचं तोंड दिसेल असं. गिऱ्हाइकाची वाट मोकळी राहील इतकं अंतर ठेवा. वर एक चांगला दिवा लावा आणि तो पाच वाजताच चालू करा. गाड्या लावायची जागा वेगळी करा, कारण बाकड्यासमोर मोटारसायकली उभ्या राहिल्या की त्यांच्या आडोशाला मोठ्या पोरांचा अड्डा होतो. गर्दी जास्त असेल तर "अर्ध्या तासानं दुसऱ्यांना जागा द्यायची" असा नियम तोंडानं सांगा. पोरं नियम मोडतात हे खरं, पण सांगणारा रोज तोच असेल आणि रोज तेच सांगत असेल तर पाळतातही.

आता उधारीची वही. याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण पोरं बिघडायची सुरुवात मी या वहीत पाहिली आहे. लाल पुठ्ठ्याच्या लांबट वहीत मोठ्यांच्या खात्यांनंतर मागच्या पानांवर पोरांची नावं असतात. आडनाव नसतं, "मळ्यातला बारका", "दहावी ब" असं काहीतरी. समोर वीस, पंधरा, तीस. बेरीज तीनशे-चारशे झाली की पोर त्या दुकानासमोरून जायचं टाळतं, लांबच्या वाटेनं फिरतं. मग घरातला डबा उघडला जातो, दुधाच्या पगारातली नोट गायब होते. किंवा कुणी मोठा पोरगा खांद्यावर हात टाकून म्हणतो, "मी भरतो, तू फक्त माझं एक काम कर." ते काम काय असेल, याचा विचार तुम्हीच करा. बारा-पंधरा वर्षांचं मूल तीनशे रुपयांपायी कुणाच्याही दावणीला बांधलं जातं.

यावर उपाय सोपा आहे. अठराच्या आतल्या मुलाला आई-वडिलांच्या तोंडी होकाराशिवाय उधार देऊ नका. देत असाल तर आठवड्याला पन्नास-साठ रुपयांच्या वर जाऊ देऊ नका आणि शनिवारी वही पालकाला दाखवा. आधीच साठलेलं असेल तर पोराला चारचौघांत मागू नका. वडिलांना किंवा आईला डेअरीवर गाठा, बाजूला घेऊन शांतपणे सांगा, आणि "पोराला मारू नका" हेही सांगा. तुमचे पैसे येतील आणि पोर तुमच्या दुकानावर परत येईल.

वहीइतकंच लक्ष दुसऱ्यांचे पैसे भरणाऱ्याकडं ठेवा. एखादा वीस-बावीस वर्षांचा पोरगा रोज आठवी-नववीच्या चार मुलांना कोल्ड्रिंक पाजत असेल, तर त्याला स्पष्ट विचारा, "तुझं काय नातं यांच्याशी?" एवढा एक प्रश्नही बऱ्याचदा पुरतो. नाही पुरला, तर पोराच्या घरी कळवा.

तंबाखूबाबत कायदा स्वच्छ आहे. २००३ च्या कायद्याप्रमाणं अठरा वर्षांखालील कुणालाही तंबाखू, विडी, सिगारेट विकता येत नाही, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत ती कुणालाच विकता येत नाही. गुटखा तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे आणि ई-सिगारेट २०१९ पासून देशभर. बाल न्याय कायदा २०१५ याहून कडक आहे. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे सगळं माहीत असूनही टपरीवर एक वाक्य रोज ऐकू येतं: "पप्पांनी मागवलीय." आणि बहुतेक वेळा पप्पांनी खरंच मागवलेली असते. इथं दुकानदाराला दोष देण्याआधी आपण पालकांनी स्वतःकडं बघावं. वडिलांसाठी पुडी आणायला गेलेलं पोर कोणत्या दिवशी स्वतःसाठी पुडी घेतं, हे दुकानदाराला ओळखता येत नाही. तेव्हा आपली तलफ आपण जाऊन भागवावी, पोराच्या हातात पैसे देऊन पाठवू नये. असं घरातल्या सगळ्यांनी ठरवलं की टपरीवाल्याला "लहान पोरांना देत नाही" हे म्हणायला बळ येतं.

पंक्चरच्या दुकानदारानं सोल्यूशनच्या ट्यूब आणि स्टेशनरीवाल्यानं व्हाइटनर मुलांच्या हाताशी ठेवू नये. त्यांचा वास घेण्याची सवय जिवावर बेतते. एखादं मूल परत परत तेच मागायला लागलं तर शंका घ्यावी. कॅफिनवाली पेयं मुलांसाठी नसतात, डब्यावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. पोटात काही नसलेल्या मुलाला ती देण्यापेक्षा एक केळं, एक उकडलेलं अंडं, नाहीतर उसाचा ग्लासभर रस द्या. आपल्या भागात रसवंतीला तोटा नाही. बर्फ मात्र चांगल्या पाण्याचा हवा.

मोबाईल शॉपीवाल्यांना एकच विनंती आहे. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांविरुद्ध देशपातळीवर कायदा झाला, तरी अशी ॲप वेगवेगळ्या वाटांनी फोनवर येतातच. मूल वडिलांच्या खात्यातून पैसे पाठवत असेल, किंवा तुमच्याकडं रोख देऊन "या नंबरवर एवढे टाका" म्हणत असेल, तर व्यवहार थांबवून घरी फोन लावा.

आणि एखाद्या मुलाला दुकानात हाताखाली घ्यावंसं वाटलं तर? चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. स्वतःच्या घरच्या दुकानात शाळा सांभाळून थोडी मदत चालते, बाहेरच्या दुकानात नाही. "ते ग्लास विसळ, तुला वडापाव देतो" हेही कामच आहे. हंगामात ऊसतोडीच्या कोपींवरची मुलं स्टँडवर दिसतात, त्यांच्या बाबतीत हे फार सहज होतं. त्या मुलांना दप्तर नसतं, गणवेश नसतो, म्हणून त्यांना पोर न समजता गडी समजलं जातं. त्यांनाही बाकड्यावर जागा द्या, आणि शाळेत सरांच्या कानावर घाला की अमुक फडावर शाळेच्या वयाची इतकी मुलं आहेत.

इथपर्यंत मी "पोरं" म्हणत आलो, आणि तुमच्याही डोळ्यासमोर मुलगेच आले असतील. तीच खरी अडचण आहे. मुलीही त्याच वेळी सुटतात. अहिल्यादेवी होळकर योजनेतल्या मोफत पासवर एसटीनं जाणाऱ्या मुली स्टँडवर भिंतीला पाठ लावून, दप्तर छातीशी धरून अर्धा-पाऊण तास उभ्या असतात. त्या बसत नाहीत, खात नाहीत, पाणीही कमी पितात, कारण जवळ नीट शौचालय नसतं. एखाद्या टोळक्यातून शेरा आला तर घरी सांगत नाहीत. सांगितलं तर शाळाच बंद होईल, ही भीती त्यांना असते. मुलांना बसायला जागा आहे आणि मुलींना नाही, हे आपण इतकं सवयीचं करून टाकलंय की त्यावर बोलणंही होत नाही.

बायका चालवत असलेली दुकानं गावात असतातच. शिलाईकाम, ब्यूटी पार्लर, पिठाची गिरणी, स्टेशनरी, बचत गटाचं खाद्यपदार्थांचं दुकान. त्यांच्यापैकी स्टँडजवळच्या दोघी-तिघींनी दाराशी एक बाक ठेवला, पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला आणि "बस येईस्तोवर बसा गं" एवढं म्हटलं, तरी मुलींचा तो तास सुसह्य होतो. ज्या ताईच्या घरात किंवा दुकानात शौचालय आहे तिनं ते मुलींना वापरू द्यावं, ग्रामपंचायतीनं त्याबदल्यात सफाईचं साहित्य द्यावं. बाकीच्या दुकानदारांनी शेरेबाजी ऐकली की लगेच, त्याच क्षणी, नाव घेऊन थांबवावी. "आमच्या दारात हे चालणार नाही" हे वाक्य वडिलांनी घरी दिलेल्या व्याख्यानापेक्षा जास्त लागतं. अल्पवयीन मुलीचा वाईट हेतूनं वारंवार पाठलाग करणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, हे मुलांनाही माहीत असायला हवं. शाळेनं ते वर्गात सांगावं, घाबरवायला नव्हे तर समजावं म्हणून.

आता वेळेचं. आपल्या भागात हा प्रश्न शहरापेक्षा वेगळा आहे तो बिबट्यामुळं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या पट्ट्यात उसात बिबट्याची पिढ्यानपिढ्यांची वस्ती झाली आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला लहान मुलं गेली, तेव्हा सगळा भाग रस्त्यावर आला होता. ते दुःख आपण विसरलेलो नाही. म्हणून दुकानासमोर बसण्याला माझा पाठिंबा असला, तरी त्याला एक हद्द आहे, आणि ती दिवसाच्या उजेडाची आहे. नोव्हेंबरच्या अखेरीला सहाच्या आसपास सूर्य मावळतो. शाळा पाचला सुटत असेल तर हातात जेमतेम अर्धा तास उरतो. उन्हाळ्यात तोच तास-सव्वा तास होतो. तेव्हा "सहाला घरी" असा वर्षभराचा एकच नियम न करता, "सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी निघायचं" असा नियम करा. हिवाळ्यात साडेपाचला दुकानदारानं आवाज द्यावा, "चला, मळ्यातले निघा!" हा आवाज रोज गेला पाहिजे.

निघताना एकट्यानं निघायचं नाही. वाडीवार गट करा. एका वाटेची चार-पाच मुलं एकत्र, लहान मुलं मधे, पुढं-मागं मोठी. मोठ्यानं बोलत चालायचं, हातात काठी, अंधारून आलं तर बॅटरी. उसाच्या कडेला लघवीला किंवा चप्पल नीट करायला वाकून बसायचं नाही, कारण खाली वाकलेला माणूस बिबट्याला छोट्या जनावरासारखा दिसतो. दिसलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही, एकत्र उभं राहून आरडाओरडा करत मागं सरायचं. फोन लावायचा तो वनविभागाच्या १९२६ वर. सायकलींना मागं लाल परावर्तक पट्टी हवी, चाळीस-पन्नास रुपयांचं काम आहे. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा असेलच असं नाही, म्हणून सायकल तरी दिसू द्या. आणि ट्रॉलीतून ऊस ओढणं कायमचं बंद. पाय घसरला तर मागच्या ट्रॉलीचं चाक थांबत नाही.

मोटारसायकलचा विषय टाळता येणार नाही. सोळा वर्षांच्या मुलाला वस्ती लांब म्हणून वडील स्वतः गाडी देतात. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होऊ शकते. पण दंडाचं सोडा. स्टँडवर गाडी घेऊन आलेल्या पोराभोवती बाकीची जमतात, तिघं-चौघं बसतात, आणि उसाच्या वळणावर समोरून ट्रॅक्टर येतो. लांबच्या वस्तीवरच्या दोन-तीन घरांनी मिळून आळीपाळीनं मुलं आणायला जावं. संध्याकाळी डेअरीवर किटली घेऊन कुणी ना कुणी येतच असतं. त्याच फेरीत मुलं परत नेता येतात.

पालकांना आणखी एकच सांगणं. घरी आलेल्या मुलाला दारातच "कुठं होतास?" असं दरडावून विचारलं की उत्तर मिळतं, "कुठं नाय." त्याऐवजी दुकानदाराला ओळखा. आठवड्यातून एकदा पाच वाजता स्वतः जाऊन त्याच बाकड्यावर चहा घ्या. पोराच्या मित्रांची नावं विचारा, कोण कुठल्या वाडीचा, कुणाच्या घरी काय अडचण. सुरुवातीला पोर लाजेल, मित्र गप्प होतील. तिसऱ्या-चौथ्या वेळी तेच "काका, बसा" म्हणतील. खिशात रोज थोडे ठरावीक पैसे द्या, दहा असोत की वीस, म्हणजे त्याला दुसऱ्याच्या पैशांनी खावं लागणार नाही.

शाळा आणि ग्रामपंचायतीकडून मागायचं आहे ते फार नाही. मैदानाचं फाटक शाळा सुटल्यावर तासभर उघडं ठेवा, एक व्हॉलीबॉल आणि जाळी द्या. निम्मी गर्दी स्टँडवरून तिकडं जाईल. गावात वाचनालय असेल तर त्याची वेळ पाच ते साडेसहा करा, दुपारी उघडून संध्याकाळी बंद होणारं वाचनालय शाळकरी मुलांच्या कामाचं नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. स्टँडवरचं मुलींचं शौचालय, दोन दिवे आणि चार बाकं त्यात बसतात, ग्रामसभेत तसा ठराव मांडा. ग्राम बाल संरक्षण समिती सरपंचांच्या अध्यक्षतेखाली असते. तिची बैठक कागदावर न ठेवता एकदा स्टँडवरच, पाच वाजता घ्या आणि दुकानदारांना बोलवा.

पोरांनो, हे तुमच्यासाठी. दुकान हे कुणाचंतरी पोट आहे. काही न घेता बसलात तर गिऱ्हाईक आलं की उठायचं, कागद-ग्लास कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, आवाज बेताचा ठेवायचा. मित्र गप्प-गप्प असेल, रोज कुणाच्यातरी मागं जात असेल, वही टाळत असेल, तर ते चुगली न समजता दुकानदाराला किंवा सरांना सांगा.

आणि दुकानदारांनी त्या लाल वहीचं शेवटचं पान आजच कोरं करून घ्यावं. त्यावर रोज येणाऱ्या मुला-मुलींची नावं, वाडी आणि घरचा एक चालू फोन नंबर लिहावा, मुलांकडून विचारून, त्यांच्यासमोरच. खाली चाइल्डलाईनचा १०९८, आपत्कालीन ११२ आणि वनविभागाचा १९२६. मग ते पान काढून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावं, म्हणजे दिवा गेला तरी हात लगेच तिथं जाईल.